एका मध्यबिंदूचा हट्ट

संकेतस्थळ उभारण्याआधी त्याच्या पानांचा आराखडा आखण्यासाठी, किंवा एखादा विषय अभ्यासायला घेण्याआधी त्याचे पोटविषय मांडून पाहण्यासाठी, कोणते ऑनलाइन साधन निवडावे या प्रश्नाला हल्ली एक ठरीव उत्तर मिळते. जे साधन सर्वाधिक लोक वापरतात, ज्यात तयार नमुने भरपूर आहेत आणि ज्याचे पहिले खाते फुकट मिळते ते घ्यावे. एकदा साधन हाती आले की मांडणी आपोआप सुचत जाते, असे ते उत्तर आहे. अभियांत्रिकीच्या प्रकल्पवह्यांपासून दोन खोल्यांच्या वेब-डिझाइन कार्यालयांपर्यंत ते इतके रुळले आहे की त्याला कुणी मत म्हणत नाही, व्यवहारज्ञान म्हणतात. लोकप्रियता, नमुने आणि किंमत हे तीन निकष अगदीच टाकाऊ आहेत असे नव्हे. घातक आहे ते उत्तराचे शेवटचे वाक्य. साधन हाती आल्यावर जी मांडणी सुचते ती त्या साधनाच्या घडणीतून आलेली असते, आणि विषयाची घडण निराळी असेल तर तिच्यात मावण्यासाठी विषयालाच हातपाय आखडून घ्यावे लागतात. हुबळी-धारवाडचा विषय घेतला म्हणजे हे फार लवकर उघडे पडते.

माइंड मॅप म्हणजे कागदाच्या मध्यभागी मुख्य विषय लिहून त्यापासून चहूकडे फांद्या आणि फांद्यांना उपफांद्या काढत नेलेले विचारांचे चित्र. ज्ञानाची अशी वृक्षाकार मांडणी जुनीच आहे. तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी या तत्त्वज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा वर्गीकरणाचा वृक्ष युरोपात तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शतकानुशतके घोकला. परंतु मध्यभागी चित्र, रंगीत वळणदार फांद्या आणि प्रत्येक फांदीवर एकच शब्द हे नियम, आणि त्यांच्यासह 'माइंड मॅप' हे नाव, घरोघर पोहोचले ते टोनी बुझान यांच्यामुळे, 1974 मध्ये बीबीसीवर आलेल्या त्यांच्या 'यूज युवर हेड' या मालिकेपासून. साइटमॅप या एका शब्दाखाली मात्र तीन निरनिराळ्या वस्तू नांदतात. पहिली, संकेतस्थळ बांधण्यापूर्वी काढलेला पानांचा आराखडा. दुसरी, वाचकाला दिशा दाखवणारे संकेतस्थळावरचेच अनुक्रमणिकेसारखे पान, ज्याची अपेक्षा भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी 2009 मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. आणि तिसरी, शोधयंत्रांना पानांचे पत्ते कळवणारी एक्सएमएल फाइल, जिचा नमुना गूगलने 2005 मध्ये पुढे आणला आणि 2006 मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही स्वीकारला. पहिली वस्तू माणसाने विचार करून काढायची असते, तिसरी यंत्राने यंत्रासाठी लिहायची असते. दोन्हींना एकच नाव असल्यामुळे एकीसाठी घेतलेले साधन दुसरीचेही काम करील असे गृहीत धरले जाते आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते.

आता मध्यबिंदूकडे वळावे. माइंड मॅपची बहुतेक साधने नवे पान उघडताच मध्यभागी एक चौकट ठेवतात; ती पुसता येत नाही, फार तर तिच्यातला मजकूर बदलता येतो. साइटमॅप आखण्याची साधने तीच चौकट वरच्या टोकाला ठेवतात आणि तिला मुख्यपृष्ठ म्हणतात. दोन्हींत नियम एकच की प्रत्येक चौकटीला पालक एकच असावा. हुबळी आणि धारवाड ही जुळी शहरे 1962 पासून एका महानगरपालिकेखाली आहेत, पण मध्यबिंदू त्यांना एक नाही. रेल्वेचे क्षेत्रीय मुख्यालय, विमानतळ आणि घाऊक बाजार हुबळीकडे. विद्यापीठ, कृषी विद्यापीठ, उच्च न्यायालयाचे पीठ धारवाडकडे. मध्यभागी 'हुबळी-धारवाड' लिहून दोन फांद्या काढल्या की सुटले असे वाटते, परंतु लगेच प्रश्न पडतो तो 'चिगरी' या नावाने धावणाऱ्या जलद बसगाड्यांचा. त्यांचा सुमारे 22 किलोमीटरचा मार्ग या दोन फांद्यांपैकी कोणाचा? तो दोघींच्या मधला आहे आणि त्याचे असणे मधले असण्यातच आहे. उणकल, नवनगर, रायापूर, सत्तूर ही त्या रस्त्यावरची ठिकाणेही तशीच. झाडाच्या आकृतीत दोन फांद्यांच्या मधल्या जागेला नाव नसते. ती केवळ कागदाची रिकामी जागा असते. साधनाच्या आज्ञेत राहणारा आराखडाकार 'वाहतूक' अशी तिसरी फांदी काढून मोकळा होतो, आणि ज्या रस्त्याने ही शहरे जुळी झाली तो रस्ता नकाशात दोन्ही शहरांपासून सर्वांत दूर जाऊन पडतो.

झाडाच्या आकृतीवरचा हा आक्षेप नवा नाही. स्थापत्यविचारक क्रिस्टोफर अलेक्झांडर यांनी 1965 मध्ये 'अ सिटी इज नॉट अ ट्री' या निबंधात शहर हे झाड नसते असे सरळ मथळ्यातच बजावले होते. नियोजनकार कागदावर झाड काढतात, खऱ्या शहराचे घटक मात्र एकमेकांवर चढलेले, एकाच वेळी अनेक समूहांत असलेले असतात, असा त्यांचा मुद्दा होता. त्याही आधी, 1933 मध्ये, शि. रा. रंगनाथन यांनी द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध करून ग्रंथालयशास्त्रातले झाड मोडले होते. ग्रंथाला एका फांदीवर टांगण्याऐवजी त्याच्या विषयाचे निरनिराळे पैलू, म्हणजे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल, स्वतंत्रपणे नोंदवावेत आणि ते द्विबिंदूसारख्या खुणांनी जोडावेत, अशी ती पद्धत. याच रंगनाथन यांनी 1962 मध्ये बेंगळुरूत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. म्हणजे ज्या वर्षी धारवाड-हुबळीची पालिका एक झाली त्याच वर्षी, त्याच राज्याच्या राजधानीत, तिचा नकाशा काढण्याची खरी रीत शिकवणारी संस्था उभी राहिली. अशा योगायोगावर फार भार देऊ नये हे खरे, पण वर्गीकरणाचा हा वारसा इतका जवळ असताना आराखड्याचे शहाणपण परदेशी साधनाच्या नमुनासंग्रहात शोधले जावे, हे चमत्कारिक आहे.

पैलू आणि झाड यांतला फरक एका उदाहरणाने जवळून पाहता येतो. धारवाड परिसरातील हिंदुस्थानी गायकांची माहिती देणारे संकेतस्थळ आखायचे आहे असे समजावे. झाड काढणारा पहिल्या पायरीवर घराणी घेईल किंवा गावे घेईल; दोन्ही घेता येत नाहीत. घराणी घेतली तर मल्लिकार्जुन मन्सूर जयपूर-अत्रौलीच्या फांदीवर जातात, आणि त्यांची सुरुवातीची तालीम ग्वाल्हेर घराण्याच्या नीलकंठबुवा आलूरमठ यांच्याकडे झाली होती ही गोष्ट पानाच्या पोटात दडून राहते. गावे घेतली तर गंगूबाई हनगल यांचे काय करावे? जन्म धारवाडचा, 1913 मधला. बहुतेक आयुष्य आणि 2009 मधला मृत्यू हुबळीचा. त्यांचे गुरू सवाई गंधर्व कुंदगोळचे, पण मराठी संगीत रंगभूमीवर गाजलेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ होणारा महोत्सव 1953 पासून पुण्यात. भीमसेन जोशी गदगचे. गदग 1997 पर्यंत धारवाड जिल्ह्यात होते, त्या वर्षी स्वतंत्र जिल्हा झाले. म्हणजे 'धारवाड जिल्हा' या फांदीखाली बेतलेले संकेतस्थळ शासनाच्या एका अधिसूचनेने मोडले असते. हीच माहिती जन्मगाव, कर्मभूमी, घराणे, गुरू, काळ अशा पैलूंत नोंदवली तर कोणालाही कोणत्याही फांदीवर बळेच बसवावे लागत नाही, जिल्हा फुटला तर एका स्तंभातला एक शब्द बदलतो, आणि वाचक किराणा घराण्याकडूनही गंगूबाईंपर्यंत पोहोचतो, हुबळीकडूनही. हे काम ज्या साधनाने होते ते दिसायला अगदी रूक्ष आहे: साधी तक्ता-फाइल, आडव्या ओळी आणि उभे स्तंभ. तिला रंगीत फांद्या नसतात, म्हणून 'सर्वोत्तम दहा साधने' अशा याद्यांत तिचे नाव कधी येत नाही.

बुझान यांच्या 'एका फांदीवर एकच शब्द' या नियमाचा मराठीला होणारा जाच वेगळा आहे आणि त्याची दखल जवळजवळ घेतलीच जात नाही. मराठीत शब्दांचे नाते विभक्तीच्या प्रत्ययात असते. 'शेतकऱ्याला कर्ज', 'शेतकऱ्याचे कर्ज' आणि 'शेतकऱ्यावर कर्ज' या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बँकेची योजना आहे, दुसरीत हिशेब आहे, तिसरीत ओझे आहे. नियमाप्रमाणे फांदीवर एकेकच शब्द ठेवला की तिन्हींचे चित्र एकच होते: 'शेतकरी', एक रेघ, 'कर्ज'. इंग्रजीतही अशाने नाते सुटतेच, पण तिथे सुटतो तो निदान वेगळा उभा असलेला शब्द. मराठीत शब्दाचाच तुकडा मोडून काढावा लागतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक यांनी 1972 च्या सुमारास विकसित केलेला संकल्पना-नकाशा या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यात रेघेवरही शब्द लिहायचा असतो: शेतकरी 'घेतो' कर्ज, शेतकरी 'फेडतो' कर्ज. एका संकल्पनेला दोन-तीन पालक असण्यालाही तिथे मज्जाव नाही. या रीतीसाठी फ्लोरिडातील एका संशोधन संस्थेने केलेले सीमॅपटूल्स हे साधन विनामूल्य उपलब्ध असून, 'मन मोकळे करा, रंग वापरा' असे सांगणाऱ्या साधनांच्या झगमगाटात ते मागे पडले आहे. अर्थात नकाशाला, कोणत्याही जातीच्या, जादू मानण्याचे कारण नाही. कार्पिक आणि ब्लंट यांनी 2011 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा समोर ठेवून संकल्पना-नकाशे काढणाऱ्यांपेक्षा उतारा मिटून आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर अधिक येत होते. परीक्षेच्या आदल्या महिन्यात साधनाची वर्गणी भरणाऱ्या पालकांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

लोकप्रियतेच्या निकषाची कसोटी लिपीवर घेतली पाहिजे. पडद्यावर देवनागरी नीट दिसली म्हणजे साधन मराठीला चालते, असे मानले जाते. पण पडद्यावरची अक्षरजुळणी ब्राउझर करतो, त्यात साधनाची कर्तबगारी काही नसते. खरी परीक्षा नकाशाची पीडीएफ किंवा चित्रफाइल काढताना होते, कारण तेव्हा अक्षरे साधनाने स्वतः जुळवायची असतात. 'विद्यार्थी' या शब्दात पहिली वेलांटी 'व'नंतर टंकली जाते पण त्याच्या आधी दिसते, आणि 'र' टंकला जातो 'थ'च्या आधी पण रफार होऊन चढतो त्याच्या डोक्यावर. जुळणी न कळणारे साधन वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटवते आणि रफाराच्या जागी पाय मोडका 'र्' सोडून देते. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' हे दोन शब्द एकाखाली एक लिहून पाहावेत. हिंदीपुरत्या बेतलेल्या फाँटात पहिल्यातला अर्धा 'ऱ' ओळखला गेला नाही की स्वयंपाक्यांचे निमंत्रण गुरुजनांना जाते. हुबळी-धारवाडच्या आराखड्याला तर मराठी, कन्नड आणि इंग्रजी एकाच पानावर लागतात. 2014 पासून अधिकृत झालेले 'हुब्बळ्ळी' हे नाव कन्नड लिपीत लिहिताना दुसरा 'ब' आणि दुसरा 'ळ' पहिल्याच्या पायाशी लटकतात. ते लटकलेलेच छापून येतात की घसरून ओळीत येतात, हे पाहायला एक मिनिट पुरते. शहराचे स्वतःचे नाव ज्या साधनाला धड छापता येत नाही त्याचे जगभर किती कोटी वापरकर्ते आहेत, हा आकडा धारवाडच्या कामाला काय उपयोगाचा?

एक्सएमएल साइटमॅप विकणाऱ्या सेवांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवण्याची प्रणाली ऑगस्ट 2020 मधल्या 5.5 या आवृत्तीपासून अशी फाइल स्वतःच तयार करते, तेव्हा तिच्यावर उभ्या संकेतस्थळासाठी वेगळी वर्गणी भरणे म्हणजे पावसात शिंपण करणे. प्रत्येक पानाचे 'प्राधान्य' आणि 'बदलाची वारंवारता' हे जे दोन रकाने या सेवा मोठ्या ऐटीने भरून देतात, ते आपण विचारात घेत नाही असे गूगलने आपल्या दस्तऐवजांतच म्हटले आहे. फाइलमागे 50,000 पत्त्यांची मर्यादा आहे. जुळ्या शहरांतल्या एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला ती शिवणारसुद्धा नाही. अडचण येते ती भाषांची. चाळीस पाने तीन भाषांत असतील तर पत्ते एकशेवीस होतात, आणि प्रत्येक पत्त्याखाली तिन्ही भाषांतील जोडपानांच्या नोंदी, स्वतःच्या नोंदीसकट, द्याव्या लागत असल्याने एकूण नोंदी तीनशेसाठ भरतात. चित्रात मात्र दिसतात चाळीस चौकटी. पत्ता देवनागरीत ठेवला तर प्रत्येक वर्णचिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह तीन अक्षरे होतात. 'हुबळी' या पाच चिन्हांच्या नावाची फाइलमध्ये पंचेचाळीस अक्षरे होतात, 'हुब्बळ्ळी'ची एक्याऐंशी. यांपैकी कोणते नाव पत्त्यात ठेवायचे आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट कशी वळवायची, हा आराखड्याचा खरा प्रश्न असतो, आणि चौकटी ओढून लावण्याच्या साधनात त्याला जागाच ठेवलेली नसते.

किमतीच्या निकषाचे समर्थन करणारे फुकट खात्यावर बोट ठेवतात. फुकट खात्यांचा हिशेब दीर्घकाळ तीनच्या आकड्याभोवती फिरत आला आहे: माइंडमाइस्टरमध्ये तीन नकाशे, मिरोमध्ये बदलता येतील असे तीन फलक, कॉगलमध्ये खासगी आकृत्या तीन आणि बाकीच्या हव्या तितक्या, पण सर्वांना दिसतील अशा. यात फसवणूक काही नाही, अटी उघड सांगितलेल्या असतात. चौथ्या नकाशापाशी माणूस अडकावा हा त्या व्यापाराचा सरळ हेतू आहे. प्रश्न विचारायचा तो निघताना काय बरोबर नेता येईल याचा. गूगलचा जॅमबोर्ड हा फलक शाळा-महाविद्यालयांत मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. 1 ऑक्टोबर 2024 पासून तो केवळ पाहण्यापुरता उरला आणि 31 डिसेंबर 2024 रोजी बंद झाला. ज्यांनी आपले फलक पीडीएफ करून घेतले त्यांच्याकडे चित्र राहिले, पण त्यातली चिठ्ठी उचलून दुसरीकडे लावण्याची सोय राहिली नाही. कंपनी लहान होती म्हणून हे घडले असेही म्हणता येत नाही. याउलट फ्रीप्लेन हे मुक्त-स्रोत साधन, म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही पाहता व बदलता येते असे, आपला नकाशा साध्या मजकूर-फाइलच्या रूपात वापरणाऱ्याच्याच संगणकावर ठेवते. टॅबने आत सरकवलेल्या ओळी त्यात चिकटवल्या की फांद्या होतात. ब्राउझरमध्येच काम हवे असेल तर ड्रॉ डॉट आयओ फाइल कुठे ठेवायची हे वापरणाऱ्याला विचारते. दिसायला ही साधने गबाळी आहेत, फ्रीप्लेन तर विशेषच, आणि ग्राहकापुढे मांडायचे चित्र त्यात काढू नये हा सल्ला रास्त आहे. परंतु चित्र मांडणे आणि विचार साठवणे ही कामे एकाच भांड्यात करावीत असा दंडक कोणी घातला?

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र सहज निकालात काढता येत नाही. हुबळीत बसलेला डिझायनर, धारवाडातला मजकूर-संपादक आणि पुण्यातला ग्राहक एकाच वेळी एकाच फलकावर काम करतात, एकाने हलवलेली चौकट दुसऱ्याला त्याच क्षणी हललेली दिसते, ही सोय तक्ता-फाइल ईमेलने फिरवण्यात नाही आणि तिची किंमत मोजणे योग्यच आहे. तक्ताही आता ऑनलाइन सामायिक करता येतो, पण बैठकीत बोटाने दाखवण्यासारखे त्यात काही नसते. चौकटी ओढून दाखवल्या की ग्राहक बोलता होतो, हा कामाच्या माणसांचा अनुभव खोटा नाही. तेव्हा बैठकीपुरता फलक वापरावा आणि ठरलेली मांडणी त्याच संध्याकाळी तक्त्यात किंवा ओळींच्या आराखड्यात उतरवावी, एवढी तडजोड पुरेशी आहे. हरकत आहे ती फलकालाच आराखडा समजण्याला, कारण मग जे फलकावर मावत नाही ते ठरलेच नव्हते असे होऊन बसते.

अलीकडे या वादात नवी भर पडली आहे. एका वाक्यात विषय सांगावा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने क्षणात संपूर्ण साइटमॅप काढून द्यावा, अशी सोय अनेक साधनांनी दिली आहे, आणि त्यामुळे निवडीचा प्रश्नच संपला असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. अशा साइटमॅपमध्ये मुख्यपृष्ठ असते, 'आमच्याविषयी' असते, सेवा, छायाचित्रे, संपर्क असतात; शिकवणीवर्ग असो, पेढ्यांचे दुकान असो की गायकांचे स्मारक, फांद्या त्याच आणि त्याच क्रमाने येतात. धारवाडच्या गायकांचा विषय दिला तर गावांची फांदीही नेटकी निघेल. गंगूबाईंचे पान तिच्यावर धारवाडखाली ठेवायचे की हुबळीखाली, हे मात्र ते यंत्र थांबून विचारीत नाही. दोहोंपैकी एक जागा निवडते आणि पुढच्या चौकटीकडे वळते.